ज्याची चूक त्याचा चहा

"लोंढे, उभी राहा!"

कुर्डुवाडीच्या आठवडी बाजारात मी वाकून वांगी निवडत होते. आवाज कानावर पडला आणि हातातलं वांगं हातातच ठेवून मी ताठ उभी राहिले. दोन्ही हात मागे, नजर समोर. वय वर्षं चोवीस. गावातल्या ज्युनिअर कॉलेजात मला सगळे 'लोंढे मॅडम' म्हणायचे, आणि माझ्या अकरावीतल्या दोन मुली समोरच्या गाड्यावर भेळ खात हे सगळं बघत होत्या.

हिरेमठ बाई छत्री मिटत माझ्यासमोर येऊन थांबल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरी सुती साडी, आणि छत्री बारा महिने. आमच्या कन्याशाळेत पाचवी ते दहावी त्यांनी मला गणित शिकवलं होतं. मलाच काय, गावातल्या अर्ध्या बायकांना त्यांनीच शिकवलं होतं. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज अजून नोकरीतच होता.

"परत नापास झालीस म्हणे."

"हो बाई."

"कशात?"

"कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसमध्ये."

"किती पडले?"

"एकोणतीस."

"शंभरात?"

मी मान हलवली. भाजीवाल्या मावशी इतका वेळ तराजू धरून थांबल्या होत्या. त्यांनी "अरे देवा, शंभरात व्हय!" म्हणत माझ्या पिशवीत एक वांगं जास्तीचं टाकलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पण त्या वांग्यानं जेवढी लाज आली, तेवढी नंतर कशानंच आली नाही.

प्रकरण साधं नव्हतं. एम.एस्सी.चे बाकीचे सगळे पेपर सुटले होते. हा एकच दोनदा मानगुटीवर बसला होता. कॉलेजातली माझी नोकरी तात्पुरती होती आणि आमच्या प्राचार्य घोंगडे सरांनी मला बोलावून गोड शब्दांत सांगितलं होतं, "लोंढे, या एप्रिलला पेपर काढा. जूनमध्ये ऑर्डर कायम करतो. नाही निघाला तर मग मला दुसरं माणूस बघावं लागेल हो. माझाही नाइलाज आहे." नाइलाज हा शब्द त्यांनी अशा थाटात म्हटला की जणू पेपर त्यांनाच द्यायचा होता. आमच्या घरात पगार आणणारी मीच. वडील रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, आता पेन्शनीत. जन्मभराच्या सवयीनं ते रात्री जागे असत आणि दिवसा झोपलेले. आई मी लहान असतानाच गेली होती.

"रविवारी सकाळी घरी ये," बाई म्हणाल्या. "मीही फॉर्म भरलाय."

"कसला फॉर्म बाई?"

"एम.एस्सी.चा. बहिःस्थ. हा पेपर मलाही आहे. एकटीनं बसून डोकं चालत नाही. दोघी मिळून करू."

त्या गेल्या. मी तशीच उभी. शेवटी मावशींनीच सांगितलं, "बस की आता. गेल्या बाई."

*

बाईंचं घर स्टेशनच्या पलीकडे, दोन खोल्यांचं. बाई एकट्या राहायच्या. स्वयंपाकघरात देव्हाऱ्याशेजारी भिंतभर काळा फळा टांगलेला होता. निरोप समारंभात शाळा शाल-नारळ द्यायला निघाली, तेव्हा बाईंनी साफ सांगितलं होतं, "शाली माझ्याकडे सहा आहेत. द्यायचंच असेल तर दहावी 'ब'चा फळा द्या." शाळेनं मुकाट्यानं दिला. बैलगाडीतून फळा घरी नेताना त्यामागून चालणाऱ्या बाई गावानं पाहिल्या आहेत.

पहिल्या रविवारी बाईंनी ट्रंकेतून पुस्तक काढलं. तांबड्या पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड, इंग्रजी. आत शाईनं नाव लिहिलेलं: कु. गिरिजा हिरेमठ.

"बी.एस्सी. झाल्यावर घेतलं. कॉलेजात नाव घातलं होतं. मग वडील गेले, भाऊ लहान, मी शाळेत लागले. एक प्रकरण वाचून झालं होतं." बाईंनी पुस्तक पाटावर ठेवलं. "तेव्हापासून हे ट्रंकेतून माझ्याकडे बघतंय. मरायच्या आधी याला संपवायचंय, लोंढे. नाही तर हे मला संपवेल."

मग नियम ठरले. म्हणजे बाईंनी ठरवले, मी माना डोलावल्या. एकीनं पुस्तकातली ओळ मोठ्यानं वाचायची, दुसरीनं "का?" विचारायचं. उत्तर फळ्यावर लिहून दाखवायचं. 'का'चं उत्तर आल्याशिवाय पान उलटायचं नाही.

"आणि चुकलं तर?" मी विचारलं. माझी नजर आपोआप कोनाड्यातल्या फूटपट्टीकडे गेली. ती मला चांगली ओळखत होती.

बाई हसल्या. "आता निवृत्त झालेय मी. ज्याची चूक, त्याचा चहा."

असा आमचा संसार सुरू झाला. ते पुस्तक एक नंबरचं आखडू होतं. जिथे समजावून सांगायला हवं तिथे नेमकं लिहायचं, 'हे उघडच आहे.'

"उघड आहे?" बाई चष्मा वर करायच्या. "इतकी वर्षं दाराबाहेर उभी आहे मी, आणि हा म्हणतो उघड आहे! का, ते सांग लोंढे."

मग मी त्या 'का'च्या मागे लागायचे. कधी अर्धा तास, कधी दोन रविवार. एकदा तर एका ओळीपायी आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी फळ्यासमोर उभ्याउभ्याच खाल्ली, आणि बाईंनी चटणीच्या बोटानं फळ्यावर बाण काढला. तो बाण पुसला तरी तेलाचा डाग राहिला. पुढे ती जागा आली की आम्ही 'चटणीपाशी' म्हणायचो.

आता, ज्याला हे प्रकरण माहीत नाही त्याला थोडक्यात सांगते, घाबरू नका. शाळेत आपण ज्या संख्या शिकतो त्या सगळ्या एका रेघेवर बसतात. ऋण डावीकडे, धन उजवीकडे. पण एक संख्या अशी मानायची की तिचा वर्ग केला तर वजा एक येतो. तिला 'आय' म्हणतात. रेघेवर तिला जागाच नाही. ती वर, मोकळ्या मैदानात. तिच्यामुळे संख्यांचं अख्खं मैदान उभं राहतं आणि त्या मैदानावरचं गणित म्हणजे आमचा पेपर.

आणि बाईंची हयात गेली होती रेघेवर.

*

माझी अडचण वेगळीच होती. बाई चुकायच्या, आणि मला ते सांगता यायचं नाही.

हसू नका. तुम्ही हिरेमठ बाईंच्या वर्गात बसलेले नाही. त्यांच्यासमोर "बाई, चुकलं" म्हणायचं म्हणजे देवळात जाऊन पिंडीला "जरा सरका" म्हणण्यासारखं. त्या फळ्यावर काहीतरी भलतंच लिहायच्या, आणि माझ्या तोंडातून निघायचं, "बाई, मीच वाचताना गडबड केली वाटतं. माझंच चुकलं." आणि मी उठून चहाला लागायचे.

दिवाळीपासून संक्रांत उलटेपर्यंत त्या घरात चहा मीच केला. बाईंना वाटायचं, पोरगी फार चुकते. मायेनं म्हणायच्या, "काही हरकत नाही गं. सहावीतही तू अशीच होतीस."

सहावीचं त्या उगाच काढायच्या नाहीत. बाईंचा शाळेत एक कायदा होता. चाचणीत नापास झालेल्या मुलीनं पेपर घरी दाखवायचा, वर पालकाची सही आणायची, आणि सही नसेल तर दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचं नाही. सहावीत मला पन्नासपैकी नऊ पडले. वडील गाडीवर, दौंडला गेलेले. दोन दिवस मी पेपर दप्तरात घेऊन वर्गाच्या दाराशी उभी. तिसऱ्या दिवशी बाई बाहेर आल्या.

"वडील आले नाहीत?"

"आले होते. झोपले होते. मग गेले."

"आणि आई?"

मी दप्तराचा पट्टा पिळत राहिले. बाईंनाही बहुतेक तेव्हाच आठवलं असावं. त्यांनी माझ्या हातातून पेपर घेतला, भिंतीला टेकवला, आणि 'पालकाची सही' असं होतं तिथे स्वतःची सही ठोकली. गि. ह. हिरेमठ.

"घरी नापास झाल्यावर शिक्षा काय होते तुला?"

"काही नाही."

"हे बरोबर नाही. पालक म्हणून मी देते. रोज शाळा सुटली की माझ्या घरी यायचं आणि गणितं सोडवायची."

मी गणिताकडे वळले ती अशी, शिक्षा म्हणून. तेव्हा सांगा, या बाईला मी कुठल्या तोंडानं चूक दाखवणार होते?

*

पण गणित कुणाची भीडभाड ठेवत नाही. लपवलेली चूक आतल्या आत वाढत जाते.

बाईंना एक खोड लागली होती. पुस्तकात ठिकठिकाणी संख्येच्या दोन्ही बाजूंना एकेक उभी रेघ असायची. बाई त्या रेघा गाळायच्या. "ही नुसती नक्षी आहे," त्या म्हणायच्या. "खडू कशाला झिजवायचा?" आणि मग मैदानावरच्या या संमिश्र संख्यांमध्येही खुशाल ही मोठी, ती लहान, अशा खुणा करत सुटायच्या. जन्मभर त्यांनी पोरींना हेच शिकवलं होतं. मगरीचं तोंड मोठ्या घासाकडे, असं म्हणून.

फेब्रुवारीतला रविवार. ऊन स्वयंपाकघरात फळ्यापर्यंत आलेलं. बाईंनी ऐटीत लिहिलं, आय हा शून्यापेक्षा मोठा. पुस्तकात अर्थातच आयच्या दोन्ही बाजूंना रेघा होत्या. मी पदराशी चाळा करत गप्प.

"आता दोन्ही बाजूंना आयनं गुणू," बाई म्हणाल्या. "आय धन आहे, तेव्हा खूण बदलायची नाही. आय गुणिले आय…"

खडू थांबला. फळ्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं की वजा एक हा शून्यापेक्षा मोठा असतो.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. चष्मा काढला, पुसला, घातला. वजा एक जागचा हलला नाही.

"लोंढे, हे काय झालं?"

"बाई, मीच मघाशी वाचताना…" मी पातेल्याकडे निघाले.

"खाली बस."

मी बसले.

"तोंड वर कर." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "सातवीत तुला उत्तर माहीत असून हात वर करायचा नसायचा, तेव्हा असंच तोंड व्हायचं तुझं. हे चूक आहे हे तुला माहीत होतं."

"हो बाई."

"आज?"

"…आधीपासून."

"म्हणजे इतके दिवस तू जो चहा केलास, तो…"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. बाहेर शंटिंगचं इंजिन ओरडत होतं.

"किती कप माझे होते?"

"बाई, जाऊ द्या ना."

"किती?"

"बरेचसे," मी म्हणाले.

बाई पाटावर बसल्या. त्यांना रागावलेलं मी शेकडो वेळा पाहिलं होतं. हे तसलं नव्हतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"मला मान द्यायला सगळं गाव आहे लोंढे," त्या हळू म्हणाल्या. "रिक्षावाला भाडं घेत नाही. बँकेत मला रांगेत उभं राहू देत नाहीत. चूक सांगायला मात्र तू एकटी आहेस. तूही मानच द्यायला लागलीस, तर मी हे पुस्तक वाचू कुणाबरोबर? मला पास व्हायचंय गं. खरंच व्हायचंय."

मी उठले. खडू हातात घेतला.

"बाई, चुकलं," मी म्हणाले.

छत पडलं नाही.

"कुठे?"

"पहिल्याच ओळीत. आय हा धन नाही."

"मग ऋण असेल."

"बरं, ऋण धरा. ऋण गुणिले ऋण?"

"धन," बाई ताबडतोब म्हणाल्या. पाढ्यासारखं तोंडपाठ. "धन. म्हणजे आयचा वर्ग धन. म्हणजे परत वजा एक धनच! अगं, मग धन नाही, ऋण नाही, शून्य तर नाहीच. मग आहे तरी काय हा प्राणी?"

मला एकदम शाळेचं मैदान आठवलं. "बाई, पी.टी.ला तुम्ही आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचात ना? रांगेत सांगता येतं, कोण कुणाच्या पुढे. पण मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी मैदानभर पसरल्या, की कोण पुढे आणि कोण मागे?"

"काहीच सांगता येत नाही. नुसता गोंधळ."

"एवढंच सांगता येतं की मधल्या झेंड्याच्या खांबापासून कोण किती लांब आहे. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे तेच विचारतात. खांबापासूनचं अंतर. अंतरं लहान-मोठी असतात. पोरी नाही."

बाईंनी माझ्या हातातून खडू घेतला. मग पुढे झाल्या आणि आयच्या एका बाजूला एक उभी रेघ काढली, दुसऱ्या बाजूला दुसरी. फूटपट्टी लावून काढल्यासारख्या सरळ.

"आणि मी म्हणत होते नक्षी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वळल्या. "बस तू. चहा मी करते."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाई चहा पीत नसत. माझ्यासोबत बसायच्या तेव्हाही त्यांच्या कपात दूध असायचं. आयुष्यात त्यांनी चहा कधी केलाच नव्हता. त्या दिवशी त्यांनी डाळ शिजवतात तसा तो शिजवला, वरून चिमूटभर ओवा टाकला, "पोटाला चांगला," आणि कप माझ्यापुढे ठेवून हाताची घडी घालून समोर बसल्या.

मी एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"कसा झालाय?"

नियम नुकताच ताजा झाला होता. "बाई, चुकला," मी म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला.

*

तिथून पुढे गाडी सुसाट सुटली. बाई चुकायच्या, मी सांगायचे, त्या वाद घालायच्या, हरायच्या आणि स्टोव्ह पेटवायच्या. कधी मी चुकायचे, तेव्हा तेवढा बरा चहा मिळायचा. पण गंमत अशी की आता मी कमी चुकत होते. बाईंच्या प्रत्येक 'का'ला उत्तर शोधताना जे दोनदा नापास होऊनही कळलं नव्हतं, ते मला कळत गेलं. एप्रिलपर्यंत तांबड्या पुस्तकाचं शेवटचं पान आलं. बाईंनी ते मिटलं, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आता बघू कोण कुणाला संपवतं."

परीक्षा सोलापूरला. आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो. बाई हॉलमध्ये शिरल्या आणि काय झालं, पर्यवेक्षक मॅडम खाडकन उभ्या राहिल्या. आमच्याच शाळेच्या, माझ्या चार वर्षं पुढच्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून तपासणीचं पथक आलं असं समजून सगळा हॉल उभा राहिला.

"बाई, तुम्ही! या ना, खुर्चीवर बसा."

"माझा नंबर तिसऱ्या बाकावर आहे," बाई म्हणाल्या. "बसा गं सगळ्यांनी. मीही लिहायलाच आलेय."

पेपर हातात पडला. पहिला प्रश्न वाचला आणि मी चटकन ओळखलं, हा तर 'चटणीपाशी'! मग मी मान वर केली नाही. एकदाच केली, तास उलटून गेल्यावर. बाई फूटपट्टी लावून पानाला समास आखत होत्या.

*

जूनमध्ये निकाल लागला. मला एकसष्ट पडले.

घोंगडे सरांनी ऑर्डर हातात दिली आणि खुर्चीत मागे रेलले. "लोंढे, एक सांगू? हिरेमठ बाईंचे पाय धरा. या वयात त्यांना एम.एस्सी. करून काय लोणचं घालायचंय? तुम्हाला शिकवायचं म्हणून सगळा खटाटोप. मला येत नाही असं म्हणत तुमच्याकडून वदवून घेतलं. जुनी मास्तरकी आहे ती."

मी थबकले. तो वजा एक, तो खाली पडलेला चष्मा, "का, ते सांग लोंढे"… सगळं डोळ्यांपुढून गेलं. घरी आले तर वडील चक्क दिवसा जागे होते आणि तेही तेच म्हणाले. पेढेवाल्यानंही तेच सांगितलं. गावाचं एकमत झालं होतं. मी पेढ्यांचा पुडा घेऊन स्टेशन ओलांडलं तेव्हा रस्ता मला धड दिसत नव्हता.

बाई फळा पुसत होत्या. मी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडायलाच लागले.

"अगं, काय झालं? पास झालीस ना?"

"बाई, तुम्ही माझ्यासाठी हे सगळं… येत नसल्याचं सोंग केलंत…"

"सोंग?" बाईंनी मला दंडाला धरून उठवलं. "कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांना गाढवाच्या रांगेत उभं करायला हवं. सोंग करायला मला काय नाटक कंपनी काढायची होती? मला खरंच येत नव्हतं. हे बघ!"

त्यांनी देव्हाऱ्यातून, गणपतीच्या पाठीमागून, गुणपत्रिका काढली आणि माझ्या हातात दिली. एकतीस.

मी कागदाकडे बघत राहिले.

"तुझ्या एकोणतीसपेक्षा दोन जास्तच आहेत," बाई म्हणाल्या. "लिहिलं ते बरोबर लिहिलं. प्रत्येक पायरीला कारण दिलं, समास आखले, उत्तराला चौकट केली. पाचातला एक प्रश्न पुरा, दुसरा अर्धा झाला आणि घंटा वाजली. मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले, सावकाश लिहा, नीट लिहा." त्यांनी सुस्कारा टाकला. "चुकीचंच सांगत होते बहुतेक."

त्यांनी माझ्या हातातला कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं एक रेघ आखलेली होती आणि तिच्याआधी बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: पालकाची सही.

"कर," बाई म्हणाल्या.

"बाई…"

"घरी दाखवायला मला कुणी नाही लोंढे. आणि सही नसली तर वर्गात बसू देत नाहीत, तुला ठाऊक आहे." त्या नेहमीच्याच आवाजात बोलत होत्या. फक्त माझ्याकडे न बघता फळ्याकडे बघत होत्या. "ऑक्टोबरला परत बसायचंय मला."

मी कागद भिंतीला टेकवला. पेन उघडायला वेळ लागला. मग त्या रेघेवर मी लिहिलं, इं. मा. लोंढे. अक्षर वाकडं आलं. एक थेंब पडून 'लों' जरा फिसकटला.

बाईंनी कागद चष्म्याजवळ धरून तपासला. "अक्षर सुधार," त्या म्हणाल्या, आणि मग खाली मान घालून, सहावीतली मुलगी उभी राहते तशा उभ्या राहिल्या. "शिक्षा काय?"

"रोज कॉलेज सुटलं की मी येणार. पहिल्या पानापासून. घड्याळ लावून."

"बरं."

"आणि समास आखायचे नाहीत."

"ते जमणार नाही."

"बाई."

"…बरं." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि स्टोव्हकडे वळल्या. "बस. चूक माझी, चहा माझा."

मी पाटावर बसले. बाईंनी चहा डाळीसारखा शिजवला आणि ओव्याचा डबा काढला. त्या दिवशी त्यांचा हात जरा सैलच सुटला होता. मी डोळे मिटून कप रिकामा केला, आणि पुढे करून म्हणाले, "बाई, अजून अर्धा."